मुंगीचा पाव

बेकरीत गव्हाचंच पीठ दोन तऱ्हेचं असतं. एक तोलायचं आणि एक नुसतं उधळायचं. तोलायचं पीठ काट्यावर चढतं, त्यात पाणी पडतं, यीस्ट पडतं, त्याचा पाव होतो आणि त्याचा मान मोठा असतो. उधळायच्या पिठाला, म्हणजे वरच्या पिठीला, कोणी विचारत नाही. ओट्यावर मूठभर फेकली की गोळा चिकटत नाही, साच्याला लावली की पाव अलगद सुटतो, हाताला लावली की काम सरकतं. पावात काय काय घालता, असं आबांना कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्यांनी घडाघडा सांगितलं असतं आणि त्यात वरच्या पिठीचं नावही आलं नसतं. लपवायचं म्हणून नव्हे. आपण जेवलो ते सांगताना ताट धुतलं होतं हे कोण सांगत बसतं?

आबा म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीचे मालक. खाली भट्टी, वर दोन खोल्या. बायको गेल्यापासून वरच्या दोन खोल्यांत ते एकटेच. भट्टी आता पुतण्या बघायचा, पण सकाळी खाली उतरून दोन गोळे मळल्याशिवाय आबांना चहा गोड लागत नसे. अंगात पीठ इतकं मुरलेलं की गडद कपडे घालायची सोयच नव्हती. कुठे लग्नाकार्याला गेले, तरी कोटाच्या बाहीवर कुठेतरी पांढरा पंजा उठलेला असायचाच.

या बेकरीचं नाव होतं ते सणाच्या पावासाठी. उंच, गोड, दूध-लोणी-अंडी हात सैल सोडून घातलेला, आणि आत बेदाणे व संत्र्याची पाकातली साल. त्या घराची एक रीत होती. सणाच्या दिवशी निघालेला पहिला पाव दुकानात जायचा नाही. तो घरातल्या सगळ्यात लहान माणसाचा. घरातल्या वडीलधाऱ्यानं तो हातानं मोडायचा, सुरी लावायची नाही, आणि पहिला तुकडा त्या लहानग्याच्या तळहातावर ठेवायचा. आबांनी लहानपणी तसा खाल्ला होता, त्यांच्या लेकीनं खाल्ला होता. आणि मग घरात मुंगी आली.

मुंगी म्हणजे लेकीची मुलगी. जन्मली तेव्हा इतकीशी होती, म्हणून आबांनीच ते नाव ठेवलं. तिला गहू चालायचा नाही, दूध चालायचं नाही, अंडं चालायचं नाही. देवानं बेकरीत उभं राहून एकेका डब्यावर बोट ठेवलं असावं. चालायचं नाही म्हणजे पोट दुखतं किंवा पुरळ येतं, एवढ्यावर भागणारं नव्हतं. ती रांगत होती तेव्हा आजीनं पाव खाता खाता तिची पापी घेतली. गालावर ओठांचा लाल ठसा उठला, मग डोळा सुजून बंद झाला, मग श्वास शिट्टी वाजवायला लागला. त्या दिवशी दवाखान्यात पोरगी वाचली. त्यानंतर आजी नातीला भेटायची ती साबणानं तोंड धुऊन, आणि तरीही पापी न घेता. लेकीनं बेकरीची पायरी चढणं सोडलं. आबांना नातीला भेटायचं तर आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून तिच्या घरी जावं लागायचं. लेकीचा यात काडीचाही दोष नव्हता आणि आबांना ते कळत होतं. पण सणाच्या दिवशी पहिला पाव मोडताना पुतण्याच्या दांडग्या पोराच्या हातावर तुकडा ठेवावा लागायचा.

बायको गेली ती गेल्या वर्षी, सणाच्या बरीच आधी, पण सालीचं काम उरकून गेली. साल तिचंच खातं होतं. संत्री सोलायची, साली उकळून कडूपणा काढायचा, पाकात शिजवायच्या, चाळणीवर सुकवायच्या, आणि मग एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पिठीत घोळवून बरणीत भरायच्या. लेक लहान असताना शेजारी बसून घोळवायला मदत करायची, म्हणजे निम्म्या तोंडात टाकायची. आबा म्हणायचे, ही साल बाजारात मिळत नाही, आणि ते खोटं नव्हतं. बायकोनं भरलेल्या बरण्यांपैकी बाकीच्या त्या वर्षीच्या पावांत संपल्या. एक आबांनी वर नेऊन कपाटात ठेवली. का ठेवली, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

यंदा मुंगी सात वर्षांची झाली होती आणि तिला वाचा फुटली होती. म्हणजे ती आधीही बोलायचीच, पण आता भांडायची.

"आबा, घरात सगळ्यात लहान कोण?"

"तू."

"मग पहिला पाव कुणाचा?"

आबांनी लेकीकडे पाहिलं. लेक भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही.

"आबा, नाद सोडा," ती म्हणाली. "तिला मी तांदळाचा केक करून देते ना दर वर्षी."

"तो केक नसतो, आई. तो साबण असतो," मुंगी म्हणाली.

त्यावर जावई हसला. जावई शाळेत गणित शिकवायचा, माणूस शांत, आणि बेकरीशी त्याचा संबंध फक्त खाण्यापुरता. आबाही हसले. लेक मात्र हसली नाही. तिनं हात पुसले आणि आबांसमोर येऊन बसली.

"तुम्हाला वाटतं मी कठोर आहे."

"नाही गं बाळ."

"वाटतं. आईलाही वाटायचं. मी रोज प्रत्येक पुडा उलटून वाचते, आबा. शाळेतून फोन आला की उचलायच्या आधी मी चप्पल पायात घालते. मला कुणावर विश्वास ठेवायची भीती वाटते, तुमच्यावर सुद्धा."

आबांना ते लागलं. पण बोलली ते खरं होतं, आणि खऱ्या बोलण्यावर रुसायचं वय त्यांचं राहिलं नव्हतं. ते म्हणाले, "तुझ्याच ओट्यावर करीन. सगळं नवीन आणीन, प्रत्येक पुडा तू वाच. तू हो म्हणशील तेच पडेल. एकदा करू दे."

लेकीनं उठून उरलेली भांडी घासली. मग म्हणाली, "एकदाच."

पुढचे कित्येक आठवडे आबांनी वरच्या स्वयंपाकघरात जे काही भाजलं, त्याला पाव म्हणणं म्हणजे पावाची बदनामी होती. तांदळाचं पीठ घेतलं तर वीट झाली. मक्याचं मिसळलं तर भुगा झाला. बटाट्याचा स्टार्च जास्त झाला तेव्हा आतून असा चिकट निघाला, की पाकीट चिकटवायला कामी आला असता. जन्मभर ज्या हातांना गोळ्याचा कस नुसता दाबून कळायचा, ते हात आता एका वाडग्यातल्या लापशीपुढे बावळट ठरत होते. गव्हाच्या गोळ्याला ताण असतो, तो ओढला तर परत येतो. हा गोळा ओढला की मेला. मग कुणीतरी इसबगोल सुचवला. पोट साफ करायचं औषध पावात घालायचं म्हटल्यावर पुतण्या खालून वर येऊन हसून गेला. पण इसबगोल भिजला आणि गोळ्याला धरून राहिला. अंड्याऐवजी उकडलेल्या चण्यांचं पाणी फेटलं, ते खरोखर पांढरंशुभ्र फुललं, आणि आबा वाडगं हातात धरून लहान मुलासारखे बघत राहिले. दुधाच्या जागी नारळाचं दूध आलं, लोण्याच्या जागी तेल. एके दिवशी साच्यातून जो बाहेर आला तो उंच होता, त्याचं कवच तांबूस होतं, आणि मोडला तर आत जाळी होती.

आबांनी खाल्ला. पाव झाला होता. सणाचा झाला नव्हता. गोड होता, मऊ होता, पण डोळे मिटून खाल्ला तर तो कुठल्याही दिवसाचा पाव होता. त्यांनी कपाट उघडलं आणि बायकोची बरणी बाहेर काढली.

सालीचा पाव ओव्हनमध्ये गेला तसा वास सुटला आणि आबा खुर्चीवर बसून रडले. बायको स्वयंपाकघरात होती, एवढंच. जिला नातीची पापी घेता आली नाही, तिच्या हातचं काहीतरी नातीच्या तोंडात जाणार होतं. आबांच्या मनात त्या घटकेला दुसरं काहीही आलं नाही.

सणाच्या आधीचे दोन दिवस आबा भट्टीत उतरले नाहीत. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी, पुतण्याच्या तोंडाला फेस, आणि मालक वर खिडक्या लावून बसलेले. गिऱ्हाइकांना वाटलं म्हातारा आजारी पडला. उभ्या आयुष्यात त्यांनी सणाचं काम चुकवलं नव्हतं, ताप अंगात असतानाही नाही. सणाच्या सकाळी त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली, नखं घासली, नवाकोरा, घडी न मोडलेला सदरा घातला आणि मागच्या जिन्यानं उतरले, बेकरीच्या दारावरूनही गेले नाहीत. नवा साचा, नवं वाडगं, नवा लाकडी चमचा, सगळं खोक्यात बंद. आणि पिशवीत बरणी. बरणी त्यांनी बाहेरून साबणानं दोनदा धुतली होती.

लेकीनं ओट्यावर एकेक पुडा घेतला, उलटला, चष्मा लावून वाचला आणि बाजूला ठेवला. तांदूळ, स्टार्च, इसबगोल, चणे, तेल, यीस्ट, साखर, बेदाणे. नारळाच्या दुधाचा डबा तिनं दोनदा वाचला. आबा हात मागे बांधून उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे. शेवटी तिचा हात बरणीवर गेला आणि तिथेच थांबला.

"ही आईची?"

"शेवटची."

तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि डोळे मिटले. मग मान वळवून नाक ओढलं. जावई दारात उभा होता, तो पुढे झाला. वाचायला बरणीवर काही नव्हतं.

"यात काय काय असतं?" त्यानं विचारलं.

"संत्र्याची साल, साखर, पाणी," आबा म्हणाले. अगदी खरं ते सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं त्यात एवढंच होतं.

जावयानं एक साल चिमटीत धरून उजेडात पाहिली. बोटांना काहीतरी पांढरं लागलं. "आणि हे पांढरं काय?"

"साखर आहे ती," लेक म्हणाली. "सुकल्यावर सुटते. मी लहानपणी आईबरोबर करायची ना हे सगळं."

जावयानं बोटं झटकली. त्या घरात पिठात वाढलेली दोन माणसं होती आणि दोघांनीही बरणीकडे बघितलं होतं. त्यांच्या जागी परकं माणूस असतं तर त्यानं चाटून पाहिलं असतं.

पाव सुरेख झाला. मुंगी ओव्हनच्या काचेसमोर मांडी घालून बसली होती आणि दर थोड्या वेळानं "अजून फुगला" अशी बातमी देत होती. बाहेर काढला तेव्हा ती उठून उभी राहिली आणि तळहात पुढे केला. इतके दिवस घोकून ठेवलं होतं तिनं, कुठला हात, कसा धरायचा. आबांनी पाव निवू दिला, मग दोन्ही हातांनी धरून मोडला. वाफ निघाली. त्यांनी पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला. लेक तोंडावर पदर धरल्यासारखी ओंजळ धरून उभी होती.

मुंगीनं खाल्लं. चावताना ती फार गंभीर दिसत होती.

"हे संत्र्याचं काय आहे?"

"तुझ्या आजीनं केलंय."

"हे सगळ्यात छान आहे," ती म्हणाली, आणि बोटानं दुसऱ्या तुकड्यातल्या साली टोकरून काढून एकामागून एक खाल्ल्या.

लेक आबांच्या खांद्याला डोकं लावून उभी राहिली. लग्न होऊन गेल्यानंतर ती अशी उभी राहिली नव्हती. "चुकलं माझं, आबा," ती म्हणाली. "इतकी वर्षं उगीच तुम्हाला लांब ठेवलं." आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माणसाला आणखी काय लागतं म्हातारपणी?

मग मुंगीनं ओठ खाजवले.

आधी कोणी लक्ष दिलं नाही. मग तिनं मान खाजवली आणि म्हणाली, "आई, घसा वेगळाच झालाय." लेकीनं वळून पाहिलं आणि ती फ्रिजकडे धावली. असं झालं तर टोचायचं इंजेक्शनचं पेन फ्रिजवर ठेवलेलं असायचं, ते तिनं पोरीच्या मांडीत दाबलं. जावई फोनवर ओरडत होता. मुंगीचा आवाज बसत गेला, मग नुसती शिट्टी राहिली, तीच जुनी शिट्टी, आणि ती आबांकडे बघत होती, रागानं नाही, काहीतरी विचारायचं असावं तशी. गाडी आली तेव्हा तिचे ओठ निळे होते.

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये एकच बाक होता. संध्याकाळपर्यंत दारामागून काहीच कळलं नाही. लेक भिंतीला टेकून उभी होती, बसायला तयार नव्हती. आबा बाकावर बसले होते आणि मनातल्या मनात पाव पुन्हा पुन्हा मळत होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठे हात चुकला ते शोधत. हात चुकलेला सापडेना.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "धोका टळलाय," त्या म्हणाल्या. "दोनदा वाटलं हाती लागत नाही. रात्रभर इथेच ठेवू, श्वासाची नळी उद्या काढू. खाण्यात नक्की काय काय होतं?"

आबांनी सांगितलं. तांदूळ, बटाट्याचा स्टार्च, इसबगोल, चण्याचं पाणी, नारळाचं दूध, तेल, साखर, यीस्ट, बेदाणे, संत्र्याची साल.

"यातल्या कशानं हे होणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गहू, दूध, अंडं, यातलं काहीतरी नक्की होतं. आठवून बघा." आणि त्या आत गेल्या.

आबा आठवत बसले. आणि त्यांच्या अंगठ्यानं तर्जनीवर घासायला सुरुवात केली, पिठी झटकताना घासतात तसं. बेकरीवाल्याची सवयच ती. त्यांनी बोटांकडे पाहिलं. बायको चाळणी मांडीवर घेऊन बसलेली त्यांना दिसली, शेजारी दोन वेण्या घातलेली लेक, आणि मधल्या परातीत मूठभर पिठी. चिकटू नयेत म्हणून.

लेक बोलत होती. आवाज एकसुरी होता.

"मी सगळं वाचलं होतं, आबा. एक पुडा सोडला नाही. वाडगं नवं, साचा नवा. वाचलं नाही असं फक्त..." ती थांबली. तिचे डोळे जमिनीवर काहीतरी शोधत होते. "फक्त बरणी. तिच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. आई ती साल कशी..."

ती उत्तरापाशी पोचायला आली होती. आबांना दिसत होतं. आणखी एक पाऊल, आणि पुढे ते पांढरं काय होतं ते, आणि त्यापुढे ते साखर आहे म्हणून सांगितलं कुणी, ते. ही पोर त्यांनी वाढवलेली होती, ती स्वतःला जन्मात सोडणार नव्हती. आणि आईलाही सोडणार नव्हती.

"मी सकाळी भट्टीत जाऊन आलो," आबा म्हणाले.

लेकीनं मान वर केली.

"काय?"

"पुतण्या एकटा पडला होता. राहवलं नाही. दोन गोळे मळून दिले आणि तसाच आलो. हात धुतले होते. नीट धुतले नसणार."

जावई औषधं घेऊन येत होता, तो जागच्या जागी उभा राहिला. लेक आबांकडे बघत राहिली. आबांना वाटलं होतं ती ओरडेल, पण ती ओरडली नाही.

"मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही आमच्याकडे येऊ नका आता. मी रागानं बोलत नाहीये. मला जमणारच नाही, आबा. तुम्ही दारात उभे राहिलात तरी मला तिचे ओठ दिसतील."

"बरं," आबा म्हणाले.

त्यांनी जावयाकडून घराची किल्ली मागून घेतली, स्वयंपाकघर आवरून ठेवतो म्हणून. ओट्यावर मोडलेला पाव तसाच होता. त्यांनी तो गोळा केला, कण न् कण, ओटा धुतला, फरशी धुतली, मुंगी बसली होती ती जागा दोनदा पुसली. बरणी पिशवीत घातली, किल्ली दाराच्या फटीतून आत सरकवली आणि चालत घरी गेले. खाली बेकरीत दिवे होते, गर्दी होती. पुतण्यानं विचारलं, कसा झाला पाव? आबा म्हणाले, झाला चांगला, आणि जिना चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाचा फोन आला. नळी काढली होती, मुंगी बोलत होती. लेक घरी कपडे आणायला गेली होती.

"आबा," जावई हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही दोन दिवस भट्टीत उतरला नव्हता. पुतण्यानं मला परवाच फोनवर सांगितलं होतं, वैतागून."

आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी विचारलं होतं, हे पांढरं काय म्हणून."

"मी भट्टीत गेलो होतो," आबा म्हणाले. "काल सकाळी. लक्षात ठेवा."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग जावई म्हणाला, "लक्षात ठेवतो." आणि म्हणाला, "मुंगीला तुमच्याशी बोलायचंय. आई यायच्या आत."

मुंगीचा आवाज घोगरा झाला होता, एखाद्या म्हातारीसारखा.

"आबा, तू ये ना."

"येईन."

"आबा, ती आजीची साल उरलीय का? माझ्यासाठी ठेव थोडी."

बरणी टेबलावर होती, अर्धी भरलेली.

"नाही गं मुंगे," आबा म्हणाले. "संपली ती."

त्यांनी फोन ठेवला, कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायानं उघडलं आणि बरणी पालथी केली. साली एकमेकींना चिकटल्या नव्हत्या, एकेक सुटी पडली.